शेतमालाचे पैसे अडकल्यास नोटीस कशी द्यावी?



द्राक्षबागेत छाटणी कोणत्या तारखेला झाली, जिबरेलिक आम्लाची पहिली बुडवणी केव्हा दिली, शेवटची फवारणी कोणत्या औषधाची होती, हे आपण वहीत लिहून ठेवतो. मात्र माल गाडीत भरला की ती वही मिटते. पुढचा सारा व्यवहार शब्दावर चालतो. व्यापारी ओळखीचा असतो, मागील हंगामात त्याने चोख पैसे दिलेले असतात, गावातील दहा जणांनी त्याला बाग दिलेली असते. मग एखाद्या वर्षी "पंधरा दिवसांत देतो" याचे तीन महिने होतात, फोन लागेनासा होतो आणि "विश्वासघात झाला" असे म्हणत बागायतदार थेट पोलीस ठाणे गाठतो. तेथे "ही दिवाणी बाब आहे" असे उत्तर मिळाले की तो निराश होऊन घरी बसतो. या दोन टोकांच्या मध्ये एक साधे पाऊल आहे. ते म्हणजे लेखी नोटीस. ती वेळेवर आणि योग्य शब्दांत दिली तर पुढील सर्व मार्ग खुले राहतात. चुकीच्या शब्दांत किंवा उशिरा दिली तर चांगला दावाही लंगडा पडतो. नोटीस कशी द्यावी याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

माल विकला की सोपवला?

नोटीस लिहिण्यापूर्वी हा एक प्रश्न स्वतःला विचारावा, कारण त्यावर सर्व काही अवलंबून आहे.

समजा, व्यापाऱ्याने बागेत येऊन दर ठरविला, इसार दिला, स्वतःच्या मजुरांकडून माल काढून, वजन करून नेला आणि बाकी रक्कम नंतर देण्याचे कबूल केले. ही उधारीची विक्री झाली. माल त्याच्या ताब्यात गेला तेव्हाच तो त्याच्या मालकीचा झाला. आपले राहिले ते येणे. आता दुसरे उदाहरण घेऊ. आपण बेदाणा तयार करून तासगाव किंवा सांगलीच्या शीतगृहात ठेवला आणि अडत्याला तो सौद्यात विकण्यास सांगितले. येथे बेदाणा शीतगृहात असेपर्यंत आपलाच आहे. अडत्या आपल्या वतीने तो विकतो आणि अडत, हमाली, तोलाई वजा जाता आलेली रक्कम आपल्या हाती देणे हे त्याचे कर्तव्य ठरते. १८७२ च्या करार कायद्यानुसार आडत व्यवसाय करणाऱ्या प्रतिनिधीने मागितल्यावर हिशेब द्यावा लागतो व मालकाच्या वतीने मिळालेली रक्कम मालकाला द्यावी लागते. हा माल आपण सोपविलेला होता, विकलेला नव्हता.

बोलीभाषेत आपण दोन्ही प्रकारांना विश्वासघातच म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये ज्याला फौजदारीपात्र न्यासभंग म्हटले आहे, त्याला माल किंवा पैसा सोपविलेला असणे आवश्यक आहे. (ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची जुनी ४०५ ते ४०९ ही कलमे लागतात.) सोपविलेला माल शीतगृहचालकाने परस्पर विकला तर सात वर्षांपर्यंत, दलाल वा अडत्याने आपल्या धंद्याच्या ओघात अपहार केला तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेचीही शिक्षा सांगितली आहे. परंतु उधारीने विकलेल्या मालाचे पैसे न देणे हा एवढ्यावरून न्यासभंग होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. तेथे घोड्यांसाठी धान्य व ओट पुरविणाऱ्याचे बिल थकले होते. न्यायालयाने सांगितले की ही विक्री आहे, येथे काही सोपविलेले नाही, म्हणून न्यासभंगाचा गुन्हा लागत नाही. न्यासभंग आणि फसवणूक हे दोन्ही गुन्हे एकाच वस्तुस्थितीवर एकत्र लागू शकत नाहीत, असेही त्याच निकालात म्हटले आहे. फसवणुकीसाठी व्यवहार ठरतानाच पैसे न देण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. खोटे नाव, खोटा पत्ता, एकाच आठवड्यात अनेकांचा माल उचलून पसार होणे, अशा गोष्टी तेथे उपयोगी पडतात.

म्हणून नोटिशीत रागाच्या भरात सर्व कलमे ओतू नयेत. आपण स्वतःच "मी माल विकला" असे लिहायचे आणि खाली "माझ्या सोपविलेल्या मालाचा अपहार केला" असेही लिहायचे, तर समोरचा वकील त्याच कागदाचा आपल्याविरुद्ध उपयोग करतो. ज्या अडत्याने आपला माल स्वतःच्या नावावर खरेदी दाखविला आहे, त्याच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. पट्टीवर खरेदीदार म्हणून कोणाचे नाव आहे, हे आधी वाचावे.

कागद आधी, नोटीस नंतर

नोटिशीतील प्रत्येक वाक्यामागे एक कागद असावा. काटापावती, गाडीचा क्रमांक, मालाची प्रत व क्रेटची संख्या लिहिलेली चिठ्ठी, इसाराची नोंद, बँक खात्यात आलेली रक्कम, हिशेबपट्टी, शीतगृहाची पावती, असे जे असेल ते तारखेप्रमाणे लावावे. मोबाईलवरील संदेशांत व्यापाऱ्याने "बाकी पुढच्या आठवड्यात टाकतो" असे लिहिले असेल तर तो मोलाचा पुरावा आहे. असे संदेश न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून केवळ छायाप्रतीवर विसंबून न राहता मूळ फोन व त्यातील संदेश जपून ठेवावेत. फोन बदलण्याची घाई करू नये.

कागद फारच थोडे असतील तरी घाबरून जाऊ नये. मालाचे वजन करणारा काटेवाला, गाडीचा चालक, शेजारचा बागायतदार हे साक्षीदार असतात. त्यांची नावे आपल्याजवळ टिपून ठेवावीत. नोटिशीत ती उघड करण्याची गरज नसते.

नोटीस कोणाला व कशी पाठवावी

नोटीस वकिलामार्फतच दिली पाहिजे असा कोणताही नियम नाही. आपण स्वतः साध्या कागदावर, मराठीत, आपल्या सहीने दिलेली नोटीसही तितकीच ग्राह्य आहे. व्यापारी परराज्यातील असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडणे बरे. रक्कम मोठी असेल, चेकचा प्रश्न असेल किंवा समोरची पेढी भागीदारीची वा कंपनी असेल, तर मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा, असे आमचे मत आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. ही समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते.

पत्ता हा बहुतेकांच्या दुर्लक्षाचा विषय आहे. पेढीच्या नावासोबत मालकाचे वा सर्व भागीदारांचे नाव लिहावे. दुकानाचा पत्ता, राहत्या घराचा पत्ता आणि पावतीवरील पत्ता वेगवेगळे असतील तर तिन्ही ठिकाणी नोटीस पाठवावी. टपाल खात्याने २०२५ मध्ये देशांतर्गत नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे. तेव्हा टपाल कार्यालयात स्पीड पोस्टने, नोंदणी व पोचपावतीसह पाठवायचे आहे असे स्पष्ट सांगावे. टपालाची पावती, मागोव्याचा कागद आणि नोटिशीची स्थळप्रत एकत्र टाचून ठेवावी. योग्य पत्त्यावर, पुरेसे टपाल शुल्क भरून नोंदणीने पाठविलेले पत्र पोचले असे कायदा गृहीत धरतो. ते पोचले नाही हे समोरच्याला सिद्ध करावे लागते. नोटीस उघड्या पत्रावर पाठवू नये, तिची प्रत व्यापाऱ्याच्या नातेवाइकांना देऊ नये आणि गावच्या चावडीवर लावू नये. त्यातून अब्रुनुकसानीचा उलट दावा ओढवतो.

नमुना

उधारीच्या विक्रीसाठी नोटीस साधारण अशी असावी. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

"प्रति, (पेढीचे नाव), तर्फे मालक (नाव), (पूर्ण पत्ता).

विषय : द्राक्ष मालाची बाकी रक्कम मिळण्याबाबत नोटीस.

मी (नाव, गाव, तालुका, जिल्हा) येथील शेतकरी असून गट क्रमांक (...) मध्ये माझी द्राक्षबाग आहे. दिनांक (...) रोजी आपण समक्ष बाग पाहून दर किलोस ३६ रुपये ठरविला व ५०,००० रुपये इसार दिला. दिनांक (...) व (...) रोजी आपल्या मजुरांनी माल काढून, वजन करून, गाडी क्रमांक (...) मधून नेला. काटापावतीप्रमाणे वजन ८,४०० किलो भरले. मालाची किंमत ३,०२,४०० रुपये होते. इसार वजा जाता २,५२,४०० रुपये आपणाकडून येणे आहे. ही रक्कम दिनांक (...) पर्यंत देण्याचे आपण कबूल केले होते. मालाबाबत आपण आजवर कोणतीही तक्रार केलेली नाही. वेळोवेळी मागणी करूनही रक्कम मिळालेली नाही.

तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत २,५२,४०० रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत. या नोटिशीच्या तारखेपासून रक्कम मिळेपर्यंत दरसाल दर शेकडा १२ रुपये दराने व्याजाची मी मागणी करीत आहे. मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी योग्य त्या न्यायालयात व अधिकाऱ्यांकडे दाद मागेन व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपणावर राहील.

स्थळ, दिनांक, सही."

यातील दोन वाक्ये मुद्दाम घातली आहेत. "मालाबाबत तक्रार केलेली नाही" हे वाक्य यासाठी की नोटीस मिळाल्यावर बऱ्याचदा "मण्याला तडा होता, माल दिल्लीला खराब निघाला" असे उत्तर येते. माल ताब्यात घेऊन, वाजवी काळ लोटूनही नापसंती न कळविणाऱ्या खरेदीदाराने तो माल स्वीकारला असे १९३० चा मालविक्री कायदा मानतो. त्याने खरोखरच तक्रार केली असेल तर मात्र हे वाक्य लिहू नये, त्या तक्रारीला नोटिशीत उत्तर द्यावे. दुसरे वाक्य व्याजाचे. रक्कम देण्याची तारीख लेखी ठरलेली नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्यानुसार व्याज मागणार असल्याचे लेखी कळविल्यापासून व्याज मिळण्यास आधार मिळतो. नोटिशीत व्याजाचा शब्दच नसेल तर तेवढ्या महिन्यांचे व्याज जाण्याचा धोका असतो. मागितलेला दर मिळेलच असे नाही. तो न्यायालय ठरविते.

सोपविलेल्या मालाची नोटीस वेगळी लिहावी लागते. तेथे "आपणास विकला" हा शब्द येता कामा नये. "दिनांक (...) रोजी इतक्या पेट्या बेदाणा विक्रीसाठी आपल्याकडे सोपविला, त्याची पावती क्रमांक अमुक" असे लिहून, १५ दिवसांत संपूर्ण हिशेब द्यावा, विकलेल्या मालाची निव्वळ रक्कम द्यावी व न विकलेला माल परत करावा, अशा तीन स्वतंत्र मागण्या कराव्यात. हिशेबाची मागणी आणि तिला मिळालेला नकार, दोन्ही लेखी असले की पुढे पोलिसांत तक्रार देतानाही ती उपयोगी पडतात. अर्थात गुन्ह्याची तक्रार देण्यासाठी आधी नोटीस दिलीच पाहिजे असे नाही. शीतगृहातून माल परस्पर हलविला जात असल्याचे कळले तर नोटिशीच्या १५ दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी पोलिसांना लेखी कळवावे.

चेक परत आल्यास

व्यापाऱ्याने दिलेला चेक न वटता परत आला, तर आपली बाजू उलट बळकट होते. मात्र येथे मुदती काटेकोर आहेत व बहुतेक बागायतदारांचे नुकसान येथेच होते. पराक्राम्य लेख अधिनियम, १८८१ यातील कलम १३८ ही तरतूद १ एप्रिल १९८९ पासून अमलात आहे. खात्यात रक्कम नसणे, खाते बंद केलेले असणे किंवा पैसे न देण्याची सूचना बँकेला दिलेली असणे, या सर्व प्रसंगी ती लागू होऊ शकते.

चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा. परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यानंतरच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी. समजा, मेमो २ मे रोजी हाती आला. नोटीस १ जूनपर्यंत गेली पाहिजे. व्यापाऱ्याला ती १० जून रोजी मिळाली, तर त्याचे १५ दिवस २५ जून रोजी संपतात. तक्रार २५ जुलैच्या आत दाखल करावी. "साहेब, आणखी आठ दिवस थांबा" असे गोड बोलून हे दिवस घालविणारे व्यापारी असतात. त्यांना थांबतो म्हणावे, पण नोटीस टाकून मग थांबावे. तक्रारीला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून न्यायालयाला तो माफ करता येतो. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत नाही. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरून नव्याने परत आल्यावर नोटीस देता येते, एवढाच दिलासा आहे.

या नोटिशीत चेकची रक्कम स्पष्टपणे मागावी. व्याज, खर्च, जुनी उधारी हे सर्व एकाच आकड्यात मिसळून मागितल्यास नोटीस अवैध ठरण्याचा संभव असतो. तसेच चेक घेतल्यानंतर त्यातील काही रक्कम रोखीने घेतली असेल तर पूर्ण रकमेचा तोच चेक बँकेत टाकू नये. अशा वेळी मिळालेली रक्कम चेकवर नोंदवावी किंवा उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्यावा, असे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयावरून दिसते. चेक कोणाच्या खात्याचा आहे हेही नीट वाचावे. व्यवहार भावाशी आणि चेक मेहुण्याच्या खात्याचा, असे प्रकार घडतात. कलम १३८ ची नोटीस ज्याच्या खात्याचा चेक आहे त्याला जाते. खाते कंपनीचे असेल तर कंपनीला व सही करणाऱ्याला, दोघांनाही द्यावी. तक्रार आपले खाते ज्या बँक शाखेत आहे तेथील न्यायालयात चालते. २०१५ च्या दुरुस्तीमुळे परराज्यात हेलपाटे घालण्याची गरज उरलेली नाही. या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेशही न्यायालय करू शकते.

नोटिशीने काय होत नाही

एक गैरसमज फार पसरलेला आहे. नोटीस दिली की दाव्याची मुदत वाढते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. मालाच्या किमतीचा दिवाणी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून आणि ठरली नसेल तर माल दिल्यापासून ही वर्षे मोजतात. आपण दर वर्षी एक याप्रमाणे तीन नोटिसा दिल्या तरी चौथ्या वर्षी दावा चालणार नाही. मुदत नव्याने सुरू होते ती समोरच्याने, मुदत संपण्यापूर्वी, येणे असल्याचे आपल्या सहीने लेखी कबूल केले तर. म्हणून व्यापारी समजुतीला आला आणि हप्ते मागू लागला तर हरकत नाही, पण "इतकी बाकी देणे आहे" असा त्याच्या सहीचा, तारखेचा कागद घेतल्याशिवाय हप्ते मान्य करू नयेत.

व्यवहार बाजार समितीच्या आवारात झाला असेल तर नोटिशीची एक प्रत समितीच्या सचिवांना अर्जासोबत द्यावी. व्यापारी व अडत्या यांचा परवाना समितीच्या हाती असतो आणि वाद मिटविण्याची सोयही कायद्यात आहे. प्रत्यक्षात नोटिशीपेक्षा परवान्याच्या धाकाने पैसे लवकर निघतात, असे दिसते. मात्र २०१६ पासून राज्यात फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्यास नियमनमुक्ती आहे. बागेवरच झालेल्या द्राक्ष-डाळिंबाच्या सौद्यात समितीचा हात तितका पोचत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्लाही काही जण देतात. सदोष बियाण्यासाठी तो मार्ग शेतकऱ्याला खुला आहे, परंतु आपण विकलेल्या मालाच्या पैशांसाठी नाही, कारण तेथे आपण ग्राहक नसून विक्रेते असतो.

नोटिशीनंतर

उत्तर आल्यास ते पाकिटासह जपावे. त्यात "रक्कम इतकी नसून इतकी आहे" असे लिहिलेले असेल तर तेवढी रक्कम कबूल झाली असे धरून वकिलाला दाखवावे. उत्तरादाखल फोनवर वाद घालू नये. थोडी रक्कम खात्यात आली तर ती कोणत्या बाकीपोटी जमा केली हे त्याच दिवशी लेखी कळवावे. मुदत टळल्यावर पुन्हा दुसरी, तिसरी नोटीस देत बसू नये. चेक किंवा लेखी करार हाती असेल तर दिवाणी न्यायालयात संक्षिप्त पद्धतीने दावा लावता येतो. तो नेहमीच्या दाव्यापेक्षा लवकर निघतो, कारण प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

"घेण्यास नकार" किंवा "मालक गैरहजर" असा शेरा मारून पाकीट परत आले तर ते फाडून आतील कागद बाहेर काढू नये. टपालाच्या शिक्क्यासह, न उघडलेले ते पाकीट तसेच न्यायालयात दाखल करावयाचे असते.